नवी गाडी, तीच तक्रार : नोंद कशी ठेवावी, अर्ज कसा लिहावा



तक्रार-अर्ज शिकवताना आपले विषय ठरलेले असतात. गावात पाणी वेळेवर येत नाही, पोस्टमन पत्रं उशिरा देतो, एसटी थांबत नाही. या वर्षी सातवीला मी वेगळा विषय दिला : नवीन घेतलेली गाडी आणि पुन्हा पुन्हा होणारा तोच बिघाड. मुलं तर रमलीच, पण हा पाठ खरं म्हणजे आपल्यासारख्या मोठ्यांसाठी आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी पतसंस्थेचं किंवा बँकेचं कर्ज काढून गाडी घेतलीय. हप्ता दर महिन्याला जातोच, गाडी दारात असो की वर्कशॉपमध्ये.

उदाहरण आमच्या केंद्रातल्याच एका सरांचं आहे. डिझेल गाडी, वय चौदा महिने. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि चढाला गाडी ओढायची नाही. चार वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. प्रत्येक वेळी दिवा विझवून मिळाला, 'सॉफ्टवेअर अपडेट केलंय सर' असं सांगितलं गेलं, आणि आठ-दहा दिवसांत दिवा परत.

सरांनी चारही जॉब कार्डं मला दाखवली. तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलं होतं? तीन वेळा 'जनरल चेकअप' आणि एकदा 'वॉशिंग'. म्हणजे कागदावर त्या गाडीत बिघाड कधी झालाच नव्हता! हा मुद्दा मी फार महत्त्वाचा मानते. काउंटरवरचा माणूस गडबडीत असतो, तो दोन शब्दांत उरकतो. आपण सही करण्याआधी वाचायचं आणि आपलं वाक्य लिहून घ्यायचं. 'गाडी नीट चालत नाही' हेही चालणार नाही. 'इंजिनचा पिवळा दिवा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढाला ताकद कमी होते, ही चौथी वेळ' असं हवं. कार्डावर तारीख आणि किलोमीटर असतातच. गाडी परत घेताना काय तपासलं, कुठला भाग बदलला, कोणता फॉल्ट कोड निघाला, हेही लिहून मागायचं. कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतः केलेली नोंद. ती पुसली की पुरावाही पुसला जातो.

आता थोडं विज्ञान. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आली. तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की इंजिन थोडं जास्त डिझेल वापरून धूर सुमारे 600 अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात सलग चालावी लागते. घर ते शाळा पाच किलोमीटर, तेही खड्ड्यांतून, तर हे काम अर्धवट राहतं. जाळी तुंबते आणि दिवा लागतो. काही वेळा न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणजे चांगलंच, असं समजू नये बरं का.

म्हणूनच कंपनीवाले म्हणतात, 'दोष गाडीत नाही, तुमच्या वापरात आहे.' हे खरंही असू शकतं. मग ठरवायचं कसं? आपण पाचवीला प्रयोग शिकवतो तसंच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सरांनी तीन आठवडे वहीत रोजचं अंतर, रस्ता आणि दिव्याची स्थिती लिहिली. मग एका रविवारी हायवेवर सलग साठ किलोमीटर गाडी चालवली. दिवा विझला. पुढचे दोन दिवसही मुद्दाम हायवेनेच फिरले, तरी दिवा परत लागला. म्हणजे नुसत्या कमी अंतराचं कारण पुरत नव्हतं.

ही वही आणि लेखी अर्ज घेऊन सर पाचव्यांदा गेले, तेव्हा जाळीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत तपासणी पोहोचली. त्याची रबरी नळी बारीक चिरलेली निघाली. वॉरंटीत बदलून मिळाली. चार रजा आणि पेट्रोलपंपावरचा खर्च मात्र सरांचाच गेला.

प्रत्येकाचं इतक्यात निभावत नाही. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी 'लेमन लॉ' नावाचे खास कायदे आहेत, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. आपला आधार ग्राहक संरक्षण कायदा, 2019. आधी डीलर आणि कंपनी दोघांना लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतची गाडी तिथेच बसते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. 5 ते 10 लाखांच्या गाडीला फी 200 रुपये, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. 'बघू, करू' म्हणत ती निघून जाते.

पण अर्जात लगेच 'नवी गाडीच द्या' लिहू नये. 2006 मध्ये क्लचच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलायला लावणं योग्य नाही. मूळ उत्पादनातलाच दोष सिद्ध करायचा तर बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आणि रागाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेशी केलेला करार वेगळा असतो.

वर्गातला उपक्रम असा : फळ्यावर 'गाडी खराब आहे, लवकर दुरुस्त करा' एवढंच लिहा. मुलांनी त्यात काय-काय नाही ते विचारायचं. कधीपासून? किती वेळा? केव्हा होतं, केव्हा होत नाही? आधी काय दुरुस्त केलं? तुम्हाला नक्की काय हवंय आणि किती दिवसांत? उत्तरं मिळाली की त्यांचाच अर्ज करायचा, एका पानात. विशेषणं गाळायची, तारखा ठेवायच्या. आमच्या वर्गात 'अत्यंत भयंकर त्रास' खोडून एकीने 'चौदा महिन्यांत चार वेळा' लिहिलं. पालकांनी घरी मुलांसोबत आपल्या गाडीचं शेवटचं जॉब कार्ड काढून तक्रारीचा रकाना वाचून बघावा.