छोटी मालवाहतूक आणि इंधनाची काटकसर : हिशेब कोणत्या एककात मांडावा?

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरालगतचे खमरिया हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या दारूगोळा कारखान्यामुळे परिचित आहे. जबलपुरातच १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेईकल फॅक्टरीत लष्करासाठी ‘शक्तिमान’ ट्रक, ‘निस्सान’ एक टनी मालवाहू गाडी आणि ‘जोंगा’ ही वाहने तयार होत असत. जोंगाचे पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरांचे व जवळपास चार लिटर क्षमतेचे होते. दुर्गम भागात वाहन हमखास पोहोचले पाहिजे हा लष्कराचा निकष असल्याने लिटरमागे किती किलोमीटर, हा प्रश्न तेथे गौण ठरला. पुढे याच गाड्या लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या, तेव्हा अनेक मालकांनी ते इंजिन काढून डिझेल इंजिन बसवून घेतले. यंत्र तेच राहिले. खर्च सोसणारा बदलला आणि त्याबरोबर कार्यक्षमतेची व्याख्याही बदलली. इंधन बचतीच्या अर्थशास्त्राचा प्रारंभ येथून करता येतो.

आज या परिसरात मालाची ने-आण प्रामुख्याने पिकअप व त्याहून लहान चारचाकी गाड्या करतात. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात हा शेतमाल गावांतून कृषी उपज मंडीत येतो आणि तेथून नागपूरसह दूरच्या बाजारपेठांकडे जातो. चालक व मालक गाडीचे मोजमाप ‘अॅव्हरेज’ या एकाच शब्दात करतात. परंतु प्रतिलिटर किलोमीटर हे एकक दोन प्रकारे फसवे आहे.

पहिला प्रकार गणिती आहे. लिटरमागे ८ किलोमीटर धावणारी गाडी १० किलोमीटर धावू लागली, तर हजार किलोमीटरमागे २५ लिटर डिझेल वाचते. १६ वरून २० वर गेलेल्या गाडीत सुधारणेचे प्रमाण तेवढेच, म्हणजे २५ टक्के असले तरी बचत केवळ साडेबारा लिटर होते. म्हणजेच राष्ट्रीय बचतीच्या दृष्टीने जुन्या, अधिक इंधन पिणाऱ्या गाडीतील थोडी सुधारणाही मोलाची ठरते.

दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे. समजा, एक टन वाटाणा घेऊन पिकअप २७० किलोमीटर दूरच्या बाजारात जाते. भरलेल्या अवस्थेत ती लिटरला १० व रिकामी परतताना १३.५ किलोमीटर धावते. जाताना २७ व येताना २० असे ४७ लिटर डिझेल लागेल. ५४० किलोमीटरसाठी सरासरी सुमारे ११.५ किलोमीटर येते. (विद्यार्थ्यांनी १० व १३.५ यांची साधी सरासरी काढू नये. येथे हरात्मक सरासरी लागू होते.) वाहतुकीचे काम मात्र २७० टन-किलोमीटर इतकेच झाले. म्हणजे प्रति टन-किलोमीटर ०.१७४ लिटर.

परतीला एक टन माल मिळाला, तर एकूण डिझेल ५४ लिटर लागेल आणि ‘अॅव्हरेज’ १० पर्यंत घसरेल. काम मात्र ५४० टन-किलोमीटर होईल आणि प्रति टन-किलोमीटर खर्च ०.१ लिटरवर, म्हणजे ४२ टक्क्यांहून अधिक खाली येईल. याउलट परतीचा माल न मिळता केवळ कौशल्याने गाडी चालवून १० टक्के डिझेल वाचवले, तर हा आकडा ०.१५७ पर्यंतच उतरतो. वाटाण्याच्या हंगामात नागपूरकडून संत्र्याचे भाडे मिळवून देणारा दलाल इंधन बचतीचा जेवढा मोठा कारक आहे, तेवढा कोणताही मेकॅनिक नाही.

याचा अर्थ चालकाचे कौशल्य निरर्थक आहे असा नव्हे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यामुळे ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवल्यास तो सुमारे पावणेदोन पट होतो. केबिनच्या वर चढवलेला माल व फडफडणारी ताडपत्री त्यात भरच घालतात. टायरमधील हवा कमी असेल तर घर्षण वाढते. मंडीबाहेरच्या रांगेत चालू ठेवलेले इंजिन शून्य किलोमीटरसाठी डिझेल जाळते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या ज्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आहे, तिथे यात आणखी एक बाब जोडली गेली. सतत संथ व तुटक धावण्याने गाळणी तुंबते आणि ती स्वच्छ करण्यासाठी जादा इंधन जळते.

हे सर्व ज्ञान उपलब्ध आहे. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था १९७८ पासून त्याचा प्रसार करीत आली आहे. तरीही आचरण बेताचेच का? येथे ‘मालक-अभिकर्ता समस्या’ उपयोगी पडते. डिझेलचा खर्च मालकाचा व चालकाला मोबदला खेपेनुसार असेल, तर चालकासाठी वेळ हेच उत्पन्न असते. तो वेग वाढवतो आणि ते त्याच्या दृष्टीने विवेकीच असते. बचतीतील ठरावीक हिस्सा चालकाला देणे हा त्यावरचा सोपा उपाय. गाडीचा मालक स्वतःच चालक असतो तेथे ही अडचण नसते, पण भांडवलाची टंचाई असते. हप्ता भरायचा की टायर बदलायचे, यात टायर मागे पडतात.

किमतीचा संकेतही दुर्लक्षिता येणार नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते दररोज बदलू लागले. मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या करारात इंधनदरानुसार भाडे बदलण्याची तरतूद असू शकते. एका पिकअपच्या मालकाने तोंडी ठरवलेल्या भाड्यात ती क्वचितच असते. दरवाढीचा पहिला भार त्यामुळे त्याच्यावर पडतो.

अखेरचा मुद्दा परीक्षार्थींना विशेष उपयुक्त आहे. कोळशाच्या संदर्भात जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवले की, कार्यक्षमता वाढल्याने इंधनाचा एकूण वापर घटेलच असे नाही. प्रति टन-किलोमीटर डिझेल कमी लागले तर भाडे उतरते आणि पूर्वी जवळच्या बाजारातच पडेल भावाने विकला जाणारा वाटाणा दूर जाऊ लागतो. एकूण डिझेलविक्री तेवढीच राहिली, तरी शेतकऱ्याच्या हाती पडणारा दर वाढलेला असू शकतो.