गिटारचा आवाज कोठे जन्मतो?

वाद्यांच्या दुकानात गेलात तर एक गिटार जरा निरखून पाहा. दिसायला ती नेहमीच्या लाकडी गिटारसारखीच असते. पोकळ पेटी, मधोमध गोल भोक आणि सहा तारा. पण पेटीच्या कडेला दोन-चार फिरती बटणे असतात आणि खालच्या टोकाशी वायर खोचण्याची जागा असते. हिला अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार म्हणतात. वायर न लावता ती साध्या गिटारसारखी वाजते आणि वायर लावली की तिचा आवाज मोठ्या सभागृहातही पोहोचतो.

काही गिटारींवर 'सॉलिड टॉप' अशी चिठ्ठी असते. वरची फळी प्लायवुडची नसून सलग लाकडाची आहे, असा त्याचा अर्थ. त्यासाठी किंमतही जास्त मोजावी लागते. येथे तुम्हांला एक प्रश्न पडायला हवा. आवाज जर विजेनेच मोठा करायचा, तर फळी सलग असली काय आणि प्लायवुडची असली काय, फरक तो काय पडणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गिटारचा आवाज मुळात कोठे जन्मतो ते पाहू या.

एकटी तार मुकी असते

एक रबरबँड घ्या. तो दोन बोटांत ताणून छेडा. अगदी बारीक आवाज येईल. आता तोच रबरबँड बिस्किटांच्या रिकाम्या, उघड्या डब्यावर ताणून बसवा आणि पुन्हा छेडा. आवाज किती वाढला! रबरबँड तोच, छेडणारे बोटही तेच. मग फरक कशाने पडला?

झाडूची एक काडी हवेत हलवली तर वारा लागत नाही. पुठ्ठा हलवला की लगेच लागतो. काडीच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटून जाते, पुठ्ठ्याला मात्र ती ढकलावीच लागते. गिटारची सर्वांत बारीक तार केवळ पाव-एक मिलिमीटर जाडीची असते. ती सेकंदाला सुमारे ३३० वेळा आणि सर्वांत जाड तार सुमारे ८२ वेळा कंप पावते. पण अशा बारीक तारा हवेला ढकलणार तरी किती? म्हणून तारेची कंपने प्रथम घोडीवर येतात, घोडी ती वरच्या फळीला देते, आणि फळी पंख्यासारखी हलून हवा ढकलते. सतारीत आणि तंबोऱ्यात हेच काम भोपळ्यावरची तबली करते.

लक्षात ठेवा, फळी स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. तारेत बोटाने भरलेली ऊर्जाच ती हवेला देते. म्हणून आवाज मोठा होतो, पण तार लवकर थांबतेही.

पुठ्ठ्याची गिटार

पेटीला वरची फळी, मागची फळी आणि बाजू असे तीन भाग असतात. यांतील महत्त्वाचा भाग कोणता? स्पेनमधील प्रसिद्ध गिटारकार अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने १८६२ साली याचा प्रयोगच करून पाहिला. त्याने एक गिटार अशी बनवली की, तिची वरची फळी उत्तम स्प्रूस लाकडाची, पण मागची बाजू आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या! ज्यांनी ती ऐकली त्यांनी तिच्या आवाजाची वाखाणणी केली. ती गिटार आज बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयात आहे.

या प्रयोगाची युक्ती नीट समजून घ्या. तोरेसने एक गोष्ट चांगली ठेवली आणि दुसरी मुद्दाम हलकी केली. तरीही आवाज चांगला आला, तेव्हा आवाजाचे मुख्य श्रेय कोणाला द्यायचे ते स्पष्ट झाले.

पुढे शंभर वर्षांनी, १९६६ साली अमेरिकेत हेलिकॉप्टर बनवणारे अभियंते चार्ल्स कमॅन यांनी ओव्हेशन नावाची गिटार काढली. तिची पाठ काचतंतूंपासून बनवलेली आणि वाडग्यासारखी गोल होती. वरची फळी मात्र लाकडाचीच होती. पाठ आणि बाजूंना काहीच काम नसते असे नाही. पेटीतील हवाही भोकातून आत-बाहेर होत मंद्र स्वरांना साथ देते. पण मुख्य गायक वरची फळीच.

पातळ हवी आणि मजबूतही हवी

आता फळीची अडचण पाहा. ती सहज हलली पाहिजे, म्हणून पातळ हवी. पण गिटारच्या सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाएवढा असतो. म्हणजे एक मोठा माणूस घोडीला सतत लोंबकळत आहे अशी कल्पना करा! आणि फळीची जाडी किती? जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर.

यावर उपाय म्हणजे फळीच्या आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या. तोरेसने त्या हातपंख्याच्या काड्यांसारख्या पसरून लावल्या. जर्मनीतून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याच्या कारखान्यात १८४० नंतर त्या फुलीच्या आकारात लावू लागले. पुढे विसाव्या शतकात आतड्याच्या तारा जाऊन पोलादी तारा आल्या, तेव्हा वाढलेला ताण पेलण्यास ही फुलीच उपयोगी पडली. आजही बहुतेक पोलादी तारांच्या गिटारीत आरसा घालून पाहिले तर ती फुली दिसेल.

सलग लाकूड आणि प्लायवुड

सरपणाचा ओंडका उभा सहज फुटतो, आडवा तोडायला मात्र घाम गाळावा लागतो. लाकडाचे तंतू एका दिशेने जातात, त्याचा हा परिणाम. स्प्रूसची फळी तंतूंच्या दिशेने जेवढी ताठ असते, तेवढी आडव्या दिशेने नसते. हा फरक दहापट किंवा त्याहूनही जास्त असतो. गिटारमध्ये तंतू तारांच्या दिशेने ठेवतात. म्हणजे जिकडे ताण तिकडे ताठपणा, आणि आडव्या दिशेने लवचिकपणा.

शिवाय स्प्रूस अतिशय हलके असते. त्यात तंतूंच्या दिशेने ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जातो. पोलादातही वेग जवळजवळ तेवढाच असतो. पण तेवढ्याच आकाराचे पोलाद स्प्रूसपेक्षा सुमारे अठरापट जड भरेल! ताठ आणि तरीही हलकी, अशी फळी तारेच्या थोड्याशा ऊर्जेनेही हलते.

प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर उभे-आडवे चिकटवलेले असतात. मधल्या थराचे तंतू आडवे असल्याने तारांच्या दिशेतील ताठपणा कमी होतो. तो भरून काढायला फळी जाड करावी लागते आणि वजन वाढते. जड फळी कमी हलते. म्हणून सर्वसाधारणपणे तिचा आवाज लहान येतो. मात्र प्लायवुड म्हणजे फसवणूक नव्हे. ते सहसा तडकत नाही आणि स्वस्तही असते.

'सॉलिड टॉप' या चिठ्ठीचा अर्थही नीट वाचा. केवळ वरची फळी सलग आहे, एवढेच ती सांगते. बाजू आणि पाठ प्लायवुडची असू शकते. पण पैसे मोजकेच असतील, तर ते पाठीपेक्षा वरच्या फळीवर खर्च करणे शहाणपणाचे, हे तोरेसने पुठ्ठ्याच्या गिटारीतून दाखवूनच दिले आहे.

पावसाळ्यात काय होते?

सलग लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि फुगते. गंमत अशी की, ते लांबीत जवळजवळ फुगत नाही, फुगते ते रुंदीत. पावसाळ्यात दारे घट्ट बसतात ती याचमुळे. गिटारची फळी सुमारे ४० सेंटिमीटर रुंद असते. तिच्यातील पाण्याचे प्रमाण ४ टक्क्यांनी वाढले, तर मोकळी फळी सुमारे २ मिलिमीटर रुंद होईल. पण कडा चिकटवलेल्या असल्याने तिला पसरता येत नाही. मग ती वर फुगते, घोडी उचलली जाते, तारा पडद्यांपासून दूर जातात आणि बोटे दुखू लागतात.

उलट, विदर्भातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत फळी आकसते आणि तंतूंच्या दिशेने तडकू शकते. म्हणून हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणे गिटारला मानवते. कोकणच्या पावसात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गिटार भिंतीवर टांगून न ठेवता बंद पेटीत ठेवावी, ती यासाठीच.

विजेचा कान

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. वायर लावल्यावर गिटार कशी 'ऐकली' जाते?

स्वयंपाकघरातील गॅस पेटवण्याचा लायटर आठवा. त्यातील ज्या प्रकाराला सेल लागत नाही, त्यात खटका दाबला की एक छोटी हातोडी विशिष्ट पदार्थावर आपटते आणि ठिणगी पडते. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्‌भार निर्माण होतो. याला दाबविद्युत् म्हणतात. जाक क्यूरी आणि प्येर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली तिचा शोध लावला.

अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारीत घोडीवर जी हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी असते, तिच्याखाली बहुधा अशाच पदार्थाची एक बारीक पट्टी बसवलेली असते. तार हलली की दाब कमी-जास्त होतो आणि त्याच तालात विद्युत्‌दाबही बदलतो. हा संदेश अगदी क्षीण असतो. पेटीच्या कडेला बसवलेले, बहुधा ९ व्होल्टच्या सेलवर चालणारे छोटे मंडल तो सावरते आणि मग तो मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो.

ही पट्टी हवेतील आवाज ऐकत नाही, ती घोडीवरील दाब ऐकते. घोडी फळीवर उभी असल्याने फळीचा स्वभाव थोडाफार त्या दाबात उतरतो. पण फळीने हवेला दिलेला आणि भोकातून बाहेर आलेला आवाज तिला कळत नाही. म्हणूनच वायर लावल्यावर गिटारचा आवाज वेगळा लागतो आणि काही कारागीर पेटीच्या आत एक लहान मायक्रोफोनही बसवतात.

आणखी एक गोष्ट. सभागृहातील मोठ्या लाउडस्पीकरचा आवाज परत येऊन गिटारची फळी हलवतो. ती कंपने पट्टी पुन्हा उचलते, ती पुन्हा मोठी होऊन परत येतात आणि 'हूंऽऽ' असा घोष सुरू होतो. फळी जितकी हलकी आणि चपळ, तितका हा धोका अधिक! तो टाळायला वादक भोकात रबराचे झाकण बसवतात.

तेव्हा उत्तर असे : घरी, वर्गात, मित्रांमध्ये वायरविना वाजवायचे असेल तर सलग फळीचा पुरेपूर फायदा मिळतो. केवळ मोठ्या मंचावर वायर लावूनच वाजवायचे असेल, तर तो फायदा बराच कमी होतो, आणि साधी प्लायवुडची फळी कधी कधी जास्त निमूटपणे वागते. चांगले काय हे नुसते लाकूड सांगत नाही, आपण ते कोठे वाजवणार आणि आवाज कोठून उचलणार यावरही ते अवलंबून असते.

विचार करा आणि करून पाहा

१. वाजणाऱ्या गिटारच्या घोडीजवळ वरच्या फळीवर तळहात हलकेच ठेवा. नंतर तोच हात पाठीवर ठेवा. आवाज केव्हा जास्त बदलतो?

२. रबरबँडचा प्रयोग पत्र्याचा डबा, पुठ्ठ्याचे खोके आणि जाड लाकडी पाट यांवर करा. सर्वांत मोठा आवाज कोठे येतो? सर्वांत जास्त वेळ कोठे टिकतो? दोन्ही उत्तरे एकच आहेत का?

३. विजेच्या गिटारीतील चुंबकीय पिकअप पोलादी तारांचा आवाज उचलतो, पण नायलॉनच्या तारांचा उचलत नाही. दाबविद्युत् पट्टीला मात्र दोन्ही चालतात. असे का?