संघ, सभा आणि संगणक

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खूसंघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला. संघाच्या सभांना आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या आणि मतदान यांचे नियम होते. वज्जी लोक वारंवार व एकोप्याने जमतात तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनीही सांगितले होते. नियमित जमावे, प्रत्येकास बोलू द्यावे, ही त्या परंपरेची शिकवण. तिच्या प्रकाशात आजच्या संगणक-सभांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

संगणकाचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. तेथे सुटे भाग, आराखडे व अनुभव यांची देवघेव होई. स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपला पहिला ॲपल संगणक याच मंडळींना दाखवला.

महाराष्ट्रात पुण्याने हा वारसा जोपासला. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या बैठका, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतील 'ग्नुनिफाय' मेळावा आणि २०११ ची 'पायकॉन इंडिया' परिषद ही त्याची उदाहरणे होत. लिनक्स व पायथन यांची आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, पुढे द्यावी, अशी मुभा आहे. अशा सभेत एखादा विद्यार्थी आपले काम मांडतो, जाणकार त्यातील उणीव दाखवतात, आणि चहाच्या वेळी अनोळखी माणसे एकमेकांच्या अडचणी सोडवतात.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षरच नाकारले गेले, त्यांना या खुलेपणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तथापि दार उघडे असणे वेगळे आणि दारापर्यंत पोहोचणे वेगळे. रात्रभराचा प्रवास, मुक्कामाचा खर्च, इंग्रजी भाषणे आणि 'तेथे आपले कोण?' हा संकोच, असे चार उंबरठे चिखलीच्या मुलासमोर असतात. मुलीसमोर त्याहून अधिक.

म्हणून सभेनेच इकडे यावे. चिखलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आपल्या शाळेत संगणक कक्ष आहे, आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणारे आपले माजी विद्यार्थी सुट्टीत गावी येतातच. महिन्यातून एक रविवार, दोन तास, मराठीतून. एकाने शिकलेले सांगावे, इतरांनी निःसंकोच विचारावे, पुढील खेपेस सांगणारा दुसरा असावा. शुल्क नको, हारतुरे नकोत, प्रमुख पाहुणेही नकोत. लिनक्स विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालते, तेव्हा मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पौर्णिमेस विहारात जमण्याची सवय आपल्या वस्त्यांना आहेच. तीच शिस्त येथे आणावयाची आहे.

पहिल्या रविवारी दहा मुले-मुली आली तरी पुरे. दुसऱ्या महिन्याचा रविवार मात्र चुकता कामा नये.