कुंचीची नाडी

माझ्या धाकट्या भावाचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. भावजय दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या रात्री मी तिचं कपाट आवरलं. दुपटी, झबली, आईने शिवलेली कुंची, सगळं बोचक्यात बांधून कामाच्या मावशींना देऊन टाकलं. तिच्या नजरेला पडायला नको, एवढंच डोक्यात. घरी आल्याआल्या तिने कपाट उघडलं. म्हणाली, "ताई, कुंचीची एक नाडी लावायची राहिली होती."

तेव्हापासून ज्यांच्या घरी असं होतं त्यांना सांगते, कशालाही हात लावू नका. आवरायचं की नाही, कधी, ते त्या आईला ठरवू द्या.

तिसऱ्या दिवशी भावजयीला पान्हा फुटला. ब्लाउज ओला झाला आणि ती न्हाणीघरात दार लावून बसली. बाळ नसलं तरी दूध येतं, हे आम्हा चार बायकांपैकी एकीनेही तिला आधी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून निघतानाच डॉक्टरांना विचारून घ्या. दूध थांबवायच्या गोळ्या असतात, गार पट्ट्यांनी ठणका कमी होतो. छाती लाल होऊन ताप आला तर मात्र घरी थांबू नका.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगावं! "अजून वय आहे, दुसरं होईल." "लळा लागायच्या आत गेलं, तेवढंच बरं." पोटात लाथा मारणाऱ्याचा लळा लागत नाही म्हणे. (मीही पहिलं वाक्य बोलले होते.) त्यापेक्षा तिच्या मैत्रिणीने रोज दाराशी ठेवलेला डबा बरा. सोबत चिठ्ठी असायची, 'भांडी परत करायची घाई नाही.'

भावाला तर कुणी काही विचारलंच नाही. स्वतःच्या हातांनी बाळाला पुरून आला, आंघोळ केली आणि औषधं आणायला गेला. फोन करणारा प्रत्येक जण त्याला विचारी, "ती कशी आहे?"

ऑफिसने तिला ऐकवलं, बाळच नाही तर बाळंतपणाची रजा कसली? ती महिन्याभरात कामावर गेली. मातृत्व लाभाच्या कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणजे बाळंतपणाची रजा तिच्या हक्काची होती. गर्भपात झाला तरी सहा आठवडे पगारी रजा आहे. दवाखान्याचे कागद जपून ठेवा, आणि ऑफिसशी भांडायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्या. त्या दिवसांत तिच्यात ती ताकद नसते.

ते बोचकं दिल्यावर पंधरा दिवसांनी धीर करून मी मावशींकडे गेले होते. दुपटी त्यांच्या लेकीकडे पोचली होती. कुंची मात्र त्यांनी पिशवीत घालून ठेवली होती. "ही कुणाला द्यावीशी वाटली नाही," म्हणाल्या.

आता ती भावजयीच्या कपाटात आहे. नाडी अजून एकच.