नांदणं संपलं, वाटणीचं काय?

या खेपेला लोणंद, फलटण, खंडाळा आणि वाळवा भागातल्या पत्रांना उत्तरं देते आहे. पत्रांतली माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. उत्तरं हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नांपुरती आहेत.

"लग्नाला एकोणीस वर्षं झाली. लोणंदच्या बाजारात मालकांची कांद्याची आडत आहे. गाळा, गाडी, घर सगळं त्यांच्या नावावर. पहिली दहा वर्षं वही मी लिहिली, शेतकऱ्यांच्या पट्ट्या मी केल्या. सासऱ्यांच्या नावावर जमीन आहे. आता मालक वेगळं व्हायचं म्हणतात. मला अर्धा वाटा मिळेल ना?" – एक भगिनी, लोणंद

ताई, खोटी आशा दाखवत नाही. लग्न झालं म्हणून बायकोला अर्धी मिळकत, असा कायदा आज महाराष्ट्रात नाही. गोव्यात आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात आणि लग्न मोडलं की तिचे दोन भाग होतात. सावंतवाडीच्या पलीकडच्या बाईला जे हक्कानं मिळतं, ते लोणंदच्या बाईला पुरावे गोळा करून मागावं लागतं. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत बायकोला हिस्सा देण्याची तरतूद असलेलं विधेयक राज्यसभेनं ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. २०१४ ला लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. ते पास व्हायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. तुमच्यासारख्या बायकांची पत्रं वाचली की ते मत आणखी पक्कं होतं.

मग तुमच्या हातात काय आहे? सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम २५, कायमची पोटगी. ती दरमहा मागता येते, एकरकमीही मागता येते. दोघांचं उत्पन्न, दोघांची मिळकत, दोघांची वागणूक पाहून कोर्ट आकडा ठरवतं. गरज वाटली तर त्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर, म्हणजे तुमच्या बाबतीत घरावर किंवा गाळ्यावर, ठेवता येतो. हा बोजा आवर्जून मागा. नुसता हुकूम हातात घेऊन वर्षानुवर्षं वसुलीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती समसमान करण्याचं साधन नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं आहे. म्हणून अर्जात "अर्धं द्या" एवढंच लिहून थांबू नका. घरखर्च किती, मुलांचं शिक्षण किती, लग्नात राहणीमान कसं होतं, तुम्ही काय काम केलंत, हे एकेक करून मांडा.

इथे तुमच्या वह्या कामाला येतात. ज्या पानांवर तुमचं अक्षर आहे त्यांचे फोटो आजच काढा: शेतकऱ्याचं नाव, पिशव्या, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली देणं. एका पानातून दोन गोष्टी सिद्ध होतात. धंदा केवढा होता ते दिसतं, म्हणजे "मला काय सुटतं" हा बचाव टिकत नाही. आणि तुम्ही त्यात राबलात हेही दिसतं. तुमच्या नावानं कधी आयकर विवरण भरलं होतं का, धंद्यातून तुम्हाला पगार किंवा भागी दाखवली होती का, हे हिशेबनीसाकडे विचारा. भागीदारीपत्रावर तुमचं नाव निघालं तर गोष्टच बदलते; मग तुम्ही भागीदार म्हणून हिस्सा मागता, बायको म्हणून नाही. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तर घर सांभाळणाऱ्या बायकोचं काम हेही मिळकतीतलं योगदान धरून तिला निम्मा हिस्सा दिला. तो निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण वकिलांना युक्तिवादात वापरायला सांगा.

नवऱ्यानं मिळकत लपवली तर, असंही तुम्ही विचाराल. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनाही मिळकत आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. त्यांचं प्रतिज्ञापत्र आलं की वह्यांशी ताडून बघा.

सासऱ्यांच्या जमिनीचं उत्तर सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारांत आहे. सासऱ्यांनी ती स्वतःच्या कमाईनं घेतली असेल तर ते हयात असेपर्यंत तिच्यात कुणाचाच हिस्सा नाही. वडिलोपार्जित असेल तर तुमच्या मुलांचा, मुलगा असो की मुलगी, जन्मापासून हक्क आहे. महाराष्ट्रानं मुलींना हा हक्क १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तुमची मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीनं आई म्हणून तुम्हाला वाटपाचा दावा लावता येईल का, हे वकिलांना विचारा. बरेच जण हे विसरतात आणि पोटगीच्या आकड्यावर भांडत बसतात.

आणि घर सोडू नका. लग्न टिकून आहे तोवर, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, सामाईक घरात राहण्याचा तुमचा हक्क कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं दिला आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. रागाच्या भरात माहेरी निघून गेलात तर परत त्याच उंबऱ्यात पाय ठेवायला अर्ज करावा लागेल.

"मी लोणंदच्या एमआयडीसीत कामाला आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून. बायको कमावत नव्हती. फ्लॅट घेताना तिचे काही दागिने मोडले, बाकीचे आईच्या कपाटात आहेत. फ्लॅट मला मिळावा, दागिने घरचेच आहेत." – एक वाचक

दादा, दागिन्यांपासून सुरुवात करू. लग्नात तिला माहेरनं, सासरनं, पाहुण्यांनी जे अंगावर घातलं ते स्त्रीधन. ते तिचं एकटीचं. तुमच्या आईच्या कपाटात आहे म्हणून ते घरचं होत नाही. तुम्ही फक्त सांभाळणारे. प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं हे ठरवलं आणि परत न देणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो असं सांगितलं. तेव्हा कपाट उघडा, यादी करा, सराफाकडे वजन करून दोघांच्या सहीनं ते परत करा. तुमच्या बाजूनं हेच शहाणपणाचं आहे.

फ्लॅटचं असं आहे. दोघांनी मिळून घेतलेल्या मिळकतीत, पैसे कुणी किती घातले हे सिद्ध झालं तर त्या प्रमाणात हिस्सा. सिद्ध झालं नाही तर समान. तुमचे हप्ते बँकेच्या उताऱ्यावर दिसतील. तिचं सोनं मोडल्याची पावती निघाली तर तोही तिचा पैसा म्हणून मोजला जाईल. "ती कमावत नव्हती" एवढ्यावर तिचं नाव पुसता येत नाही.

समजा फ्लॅटला आज तीस लाख येतात आणि कर्ज बारा लाख बाकी आहे. वाटायला उरले अठरा. त्यातून आधी तिच्या मोडलेल्या सोन्याचा हिशेब करा, आणि तो वजनात करा. पाच तोळे मोडले असतील तर पाच तोळ्यांचा आजचा भाव धरा. मोडताना आलेली जुनी रक्कम देऊन हात झटकणं मला अन्यायाचं वाटतं, कारण फ्लॅटची वाढलेली किंमत तुम्ही आजच्या भावानंच मोजणार आहात. उरलेल्या रकमेवर हप्त्यांच्या हिशेबानं बोला. नंतर फ्लॅट तुम्ही ठेवणार असाल तर तिचा हिस्सा देऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या.

बँकेला मात्र तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नाही. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही धरेल. तिचं नाव कर्जातून कमी करण्याचं पत्र बँकेकडून घेतल्याशिवाय तडजोडीवर सही करायला तिला सांगू नका.

"मुलीची फारकत गावात बसून झाली. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली, दोन लाख दिले, 'यापुढे कसलाच हक्क नाही' असं लिहून घेतलं. आता दुसरं स्थळ आलं आहे. काही अडचण?" – एक वडील, फलटण तालुका

काका, अडचण मोठी आहे. नोटरीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. समाजात पूर्वापार तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ त्या रूढीला मान देतं, पण ते सिद्ध करणं फार जड जातं. मुलीचं पहिलं लग्न कायद्यानं अजून उभं आहे असंच धरा. असं असताना दुसरं लग्न लावलं तर ते अवैध, शिवाय द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा वेगळाच. आधी स्थळवाल्यांना थांबवा.

चांगली बाजू अशी की "कसलाच हक्क नाही" ही ओळही तितकीच कच्ची आहे. पोटगीचा कायदेशीर हक्क खासगी कागदावर लिहून संपवता येत नाही, अशी न्यायालयांची भूमिका आहे. दोघंही राजी असतील तर कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करा. त्यासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार योग्य कारण असेल तर कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. दिलेले दोन लाख त्या तडजोडीत मोजून घ्या, पण आकडा पुन्हा बसून ठरवा. मुलीचे दागिने, भांडी, कपाट याची यादी तडजोडीतच घाला. कलम २७ नुसार लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निवाडाही कोर्ट करू शकतं; लग्नाशी संबंध असेल तर आधी किंवा नंतर दिलेल्या वस्तूही त्यात येतात, असा कदम दांपत्याच्या खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अर्थ लावला आहे.

"कोर्टाचं समन्स गेल्यावर नवऱ्यानं त्याच्या वाट्याची दीड एकर उसाची जमीन भावाला बक्षीसपत्रानं दिली. आता म्हणतो माझ्याकडं काहीच नाही." – एक भगिनी, वाळवा तालुका

हा डाव जुना आहे, आणि त्याला उत्तरही जुनंच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ नुसार, ज्या मिळकतीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क आहे ती फुकटात दिली, किंवा घेणाऱ्याला त्या हक्काची माहिती होती, तर पोटगीचा हक्क त्या मिळकतीमागोमाग जातो. तुमच्या दिरानं एक रुपया न देता जमीन घेतली आहे, आणि कोर्टकचेरी चालू आहे हे सख्ख्या भावाला ठाऊक नव्हतं असं कुणी मानणार नाही.

काम वेगानं करा. फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद वादग्रस्त म्हणून मंडल अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदारांकडे जाईल. मिळकत विकू-देऊ नये असा मनाई हुकूम मागा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ मध्येही तशी सोय आहे. कारखान्यात ऊस कुणाच्या नावानं जातो, बिल कुठल्या खात्यावर येतं, सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावावर आहे, ही माहिती गोळा करा. जमीन भावाच्या नावावर आणि उसाचं बिल नवऱ्याच्या खात्यात, असं निघालं तर बक्षीसपत्र दाखवण्यापुरतंच आहे हे कोर्टाला वेगळं सांगावं लागणार नाही. थकलेल्या पोटगीसाठी ते बिलही जप्त करून मागता येतं.

तुमच्याच तालुक्यातल्या कासेगावच्या इंदूताई पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांसाठी जमीन, घर आणि स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं होतं. नवऱ्यानं टाकलेली बाई कुणाच्या तरी कार्डावर, कुणाच्या तरी पडवीत जगते, तिचं स्वतःचं काहीतरी असलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, तीही याच जाणिवेनं. म्हणून माझा सल्ला आहे की तडजोडीची बोलणी झालीच तर पैशाबरोबर जमिनीचाही तुकडा मागा. सातबाऱ्यावर नाव आलं की पीककर्ज, अनुदान, शेतकरी असल्याचा दाखला ही दारं तुम्हाला उघडतात.

"आमचं समजुतीनं होतंय. पाऊण एकर बायकोला द्यायची आहे. आधी घटस्फोट की आधी जमीन?" – एक वाचक, खंडाळा तालुका

आधी जमीन. बायको म्हणून तिला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. हुकूमनामा झाला की ती बायको राहत नाही आणि ही सवलत जाते. जमीन तुमच्या खटल्याचा विषय नसेल तर तडजोडीच्या हुकूमनाम्यात नुसती लिहून भागणार नाही, दस्त नोंदवावाच लागेल. त्याआधी सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का बघा. असेल तर फेडून कमी करून घ्या. बागायत असेल तर दहा गुंठ्यांच्या आणि जिरायत असेल तर वीस गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. तुमच्या पाऊण एकरात तो प्रश्न नाही, पण तुमच्याकडे उरणारा तुकडाही मोजून घ्या. मोजणी करून चतुःसीमा दस्तात लिहा आणि तिला शेतात जायची वाट कुठून, तेही लिहा.

वकिलाची फी परवडत नाही असं दोघीतिघींनी लिहिलं आहे. बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तो १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे. पोटगी, घटस्फोट आणि मिळकतीच्या तंट्यात बायकांना कोर्ट फीही १९९४ पासून माफ आहे. आपल्या तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत साधा अर्ज द्या. सोबत आधारकार्ड, लग्नाचा पुरावा आणि हाताशी असतील तेवढे उतारे न्या.