बेणारेबाईंचं स्वगत शिकताना

मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावची. नाट्यशास्त्र शिकताना 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं लीला बेणारेचं शेवटचं स्वगत माझ्या वाट्याला आलं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली 'रंगायन'नं रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारे सुलभा देशपांडे. त्या स्वगतानं मला जे शिकवलं, ते असं :

१. आधी अख्खं नाटक वाचा. नाटकातल्या लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी झालेल्या बेणारेला बोलायला मिळतात दहा सेकंद. ती बोलू लागते तेव्हा बाकीची पात्रं जागच्या जागी थिजलेली असतात. म्हणजे कोर्टाच्या लेखी ती काहीच बोललेली नाही! हे कळलं की वकील झालेले सुखात्मे आणि न्यायाधीश झालेले काशीकर यांच्यापुढची विनवणी गळून पडते. तिचं म्हणणं ऐकणारे फक्त प्रेक्षक.

२. एकच भाव धरून बसू नका. आयुष्याबद्दलचे मोठमोठे शब्द, मग वर्गातली मुलं, मग कोवळ्या वयातलं मामावरचं प्रेम, मग एका बुद्धिमान पुरुषाची केलेली भक्ती, मग स्वतःचं शरीर आणि पोटातलं मूल. प्रत्येक वळणाला श्वास नवा लागतो. मी संहितेत पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि आधी नुसते श्वासच पाठ केले. संत नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे कीर्तनं लहानपणापासून ऐकलेली. चांगला बुवा कुठं थांबतो, हे कानात होतंच.

३. रडू आलं की आवाज जातो. रडणं प्रेक्षकांकडे राहू द्यावं.

४. आमच्याकडे 'पानी', 'कोन' असंच बोलतात. बेणारे मुंबईच्या शाळेतली शिक्षिका, तेव्हा 'ण' घोटावा लागला. रोज पेपर मोठ्यानं वाचला. पण चिडल्यावर आवाजाला येणारी गावाकडची धार मी जपली. ती माझी आहे, आणि या बाईला ती शोभते.

५. या नाटकावरचा १९७१चा सत्यदेव दुबेंचा चित्रपट आपलं स्वगत उभं राहिल्यावरच पाहावा. त्यातही बेणारे सुलभाताईच; त्यांचा आवाज एकदा कानात बसला की आपला सापडणं कठीण.

६. गावात करून बघा. हे नाटक घडतंच एका गावात. शहरातली मंडळी खेळ करायला येतात आणि तिथला भाबडा सामंत साक्षीदार म्हणून उभा केला जातो. एका सुट्टीत मी घरच्या ओसरीवर आई, आत्या आणि शेजारच्या काकूंपुढं स्वगत केलं. एकीचीही मान हलली नाही. संपल्यावर आत्यानं विचारलं, "मंग त्या बाईचं पुढं काय झालं गं?" मी म्हटलं, निकाल अजून यायचाय. तेव्हापासून शेवटचं वाक्य मी संपल्यासारखं म्हणत नाही. आवाज वरच सोडते. काशीकरांना लगेच तिथूनच बोलायचं असतं.