बुडालेल्या टेकड्यांवरील पाखरे

एका परातीत ओल्या मातीचा उतार करा, त्यावर दोन-चार टेकड्या उभ्या करा आणि हळूहळू पाणी ओता. उतार बुडेल, पण टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहतील. झाली तुमची बेटे!

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, पुष्कळसे पाणी बर्फरूपाने जमिनीवर साठले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती व कोकणचा किनारा बराच पश्चिमेला होता. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात असलेले 'वेंगुर्ला रॉक्स' हे खडक तेव्हा जमिनीवरच्या टेकड्या होत्या. (१ मे १९८१ पर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला.)

बर्फ वितळले, पाणी चढले आणि टेकड्या एकट्या पडल्या. अशा चिमुकल्या बेटावर मोठ्या प्राण्यांचा निभाव लागणे कठीण. नवे जीव यायचे ते पंखांनी, वाऱ्याने किंवा लाटांवरून. मांजर, मुंगूस काही इतके पोहून येत नाहीत! हीच अडचण पक्ष्यांच्या पथ्यावर पडते. सुरय पक्षी तर सरळ खडकावरच अंडी घालतात.

येथील खरा नवलाचा रहिवासी म्हणजे पाकोळी. ती अंधाऱ्या गुहेत राहते. उडताना 'टिक् टिक्' आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. वटवाघळाचा असा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हिचा मात्र येतो. घरटे ती आपल्या चिकट लाळेने भिंतीला डकवते. त्यात गवत व पिसेही असतात.

ही लाळच तिच्या मुळावर आली. चीनमध्ये अशा घरट्यांचे सूप मोठ्या आवडीने पितात व घरट्यांना भारी किंमत येते. हजारो वर्षे समुद्राने ज्यांना आसरा दिला, त्यांच्यापर्यंत माणूस होडीने पोहोचला. घरटे काढून नेले की पक्ष्याला पुन्हा अनेक दिवस लाळ खर्चून नवे बांधावे लागते. घरट्यात अंडी वा पिले असतील तर तीही जातात. २००१ मध्ये येथील चोरटा व्यापार चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' या संस्थेने उघडकीस आणला आणि घरट्यांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. राखणदारांनाही त्या गुहेपर्यंत होडीनेच जावे लागते.